दगडाची चव की थंडीची?

संध्याकाळी कुणाकडे तरी जेवायला जायचंय, रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून तुम्ही सुपरमार्केटात वाइनच्या रांगेसमोर उभे आहात आणि हातात फिकट हिरवट-पिवळ्या वाइनची एक बाटली आहे. वर लिहिलंय ‘शाब्ली’. बाटली उलटी करून मागचा मजकूर वाचा. लिंबू, हिरवं सफरचंद इथपर्यंत सगळं ठीक असतं. पुढे मात्र हमखास येतो ओला दगड, मग खडू, मग समुद्रकिनारा, आणि शेवटी पंधरा कोटी वर्षांपूर्वीची कालवं. या वेलींची मुळं कालवांच्या जीवाश्मांनी भरलेल्या खडकात रुजली आहेत आणि म्हणून ही वाइन अशी कुरकुरीत, धारदार, ‘मिनरल’ लागते, असं ते लेबल तुम्हाला सांगतं.

वाचायला फार छान वाटतं. पण यात खरं किती? न पिणाऱ्या वाचकांनी इथूनच परत फिरू नये. पुढे प्यायला कमी आणि भूगर्भशास्त्र, रसायनशास्त्र आणि थोडी शेती जास्त आहे.

माझी सुरुवात फ्रान्समधून झाली नाही, इंग्लंडमधून झाली. दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमध्ये किमरिज नावाचं चिमुकलं गाव आहे. आम्ही तिथे एका रविवारी मुलांना जीवाश्म दाखवायला गेलो होतो. किनाऱ्यावर काळपट, पापुद्रे सुटणारे कडे, भरती-ओहोटीत उघडे पडणारे सपाट खडक आणि वरच्या बाजूला तेल उपसणारा एक एकटा पंप, गेली साठेक वर्षं मान डोलावतोय. याच काळ्या थरातून उत्तर समुद्रातलं बरंचसं खनिज तेल तयार झालं. एकोणिसाव्या शतकात आल्सिद द’ऑर्बिन्यी या फ्रेंच शास्त्रज्ञानं जुरासिक काळाच्या एका टप्प्याला या गावाचं नाव दिलं : किमरिजियन. आणि शाब्लीच्या प्रत्येक माहितीपत्रकात हाच शब्द मंत्रासारखा येतो. आपल्या घरापासून दोन तासांवरच्या गावाचं नाव फ्रेंच वाइनवाले इतक्या भक्तिभावानं का घेतात, हे कुतूहल मला तिथून शाब्लीपर्यंत घेऊन गेलं.

शाब्ली हे पॅरिसच्या आग्नेयेला, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास असलेलं दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. सरॅं नावाची लहानशी नदी गावातून वाहते. सरकारी नकाशात हा भाग बर्गंडीत येतो, पण बर्गंडीचे प्रसिद्ध मळे इथून बरेच दूर, दक्षिणेला आहेत. शॅम्पेनचे मळे त्याहून जवळ. म्हणजे द्राक्षं नीट पिकू शकतील अशा प्रदेशाच्या जवळजवळ उत्तर टोकाला हे गाव बसलंय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तो खडक. पॅरिसभोवतीचा प्रदेश म्हणजे एकात एक ठेवलेल्या पराती आहेत अशी कल्पना करा. सगळ्यात वरची परात सगळ्यात तरुण, खालच्या जास्त जुन्या, आणि प्रत्येकीची कड बाहेर उघडी पडलेली. किमरिजियन परातीची कड शॅम्पेनच्या दक्षिण भागातून, शाब्लीतून आणि पुढे सांसेर या दुसऱ्या प्रसिद्ध पांढऱ्या वाइनच्या गावातून जाते. डॉर्सेटमध्ये त्या काळी समुद्राच्या तळाशी प्राणवायू कमी होता, म्हणून तिथे काळा, तेलकट गाळ साचला. शाब्लीच्या जागी मात्र उथळ, उबदार समुद्र होता आणि त्यात कालवं नांदत होती. बोटाच्या पेरापेक्षा लहान, स्वल्पविरामासारखी वळलेली. त्यांचं शास्त्रीय नावही तसंच आहे, एक्सोजायरा व्हिर्गुला. फ्रेंचमध्ये स्वल्पविरामाला ‘व्हिर्ग्युल’च म्हणतात. शाब्लीच्या उतारावर चुनखडी आणि चिकणमाती यांचा जो राखाडी, भुसभुशीत खडक आहे, त्यात हे स्वल्पविराम अक्षरशः खच्चून भरलेत. त्याच्यावर, टेकड्यांच्या माथ्यावर, थोड्या नंतरच्या काळातला कठीण चुनखडक. त्याचं पारंपरिक नाव पोर्टलँडियन, हेही डॉर्सेटच्याच पोर्टलँड बेटावरून आलेलं. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल ज्या दगडाचं आहे, तो पोर्टलँडचाच.

या दोन खडकांवरून शाब्लीत भांडण पेटलं होतं. खरी शाब्ली फक्त किमरिजियनवरची, असं एक पक्ष म्हणे. दुसरा म्हणे, उतार, ऊन आणि हवामान पाहा, खडकाचं काय घेऊन बसलात. प्रश्न अर्थातच पैशाचा होता : कुणाच्या जमिनीला ‘शाब्ली’ हे नाव मिळणार आणि कुणाच्या जमिनीला ‘पेटी शाब्ली’, म्हणजे ‘धाकटी शाब्ली’, यावर बाटलीचा भाव ठरतो. १९३८ साली या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा किमरिजियन खडकाला मोठं वजन होतं. १९७० च्या दशकात ते सैल केलं गेलं आणि मळे वाढले. जुनी मंडळी अजूनही नाक मुरडतात. वकिली आणि भूगर्भशास्त्र यांची अशी जोडी इतरत्र क्वचितच पाहायला मिळेल.

पण भांडणाच्या मुळाशी असलेला प्रश्न शास्त्राचा आहे. खडकाची चव पेल्यात येते का?

सोपा प्रयोग करा. चुनखडकाचा एक तुकडा स्वच्छ धुवा आणि चाटा. भूगर्भशास्त्रज्ञ खडक चाटतातच, त्यामुळे लाजायचं कारण नाही. मी चाटला. जिभेला खरखर जाणवली, चव शून्य. खडकाला चव नसते, कारण चव लागायला पदार्थ लाळेत विरघळावा लागतो. वेलींची मुळं खडक ‘पितात’ असं म्हणणं काव्यात्म आहे, पण मुळं फक्त पाण्यात विरघळलेले आयन घेतात. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे. ते जुरासिक कालवातून आलेत की मागच्या वर्षीच्या शेणखतातून, हे त्या आयनांवर लिहिलेलं नसतं. अॅलेक्स माल्टमन या वेल्समधल्या भूगर्भशास्त्रज्ञांनी हा मुद्दा अनेक वर्षं चिकाटीनं मांडलाय : आपण ज्यांना पोषक ‘मिनरल्स’ म्हणतो ती मूलद्रव्यं, आणि खडक ज्यांचा बनतो ती ‘मिनरल्स’ म्हणजे खनिजं, ही एकाच शब्दात गुंडाळलेली दोन वेगळी प्रकरणं आहेत. वाइनमध्ये अशी अजैविक द्रव्यं अगदी थोडी असतात आणि त्यांतली बहुतेक चव कळण्याच्या मर्यादेखाली. कॅल्शियमचंच म्हणाल, तर ज्या पाण्यानं लंडनमधली तुमची किटली महिन्याभरात पांढरी होते, त्यात ते वाइनइतकंच निघेल. नळाचं पाणी पिऊन कुणी कालवांची आठवण काढल्याचं ऐकलं नाही.

आणखी एक गंमत आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. छातीत जळजळलं की आपण चघळतो त्या गोळ्यांपैकी कितीतरींमध्ये हेच असतं, कारण ते आम्ल मारतं. फार आंबट झालेल्या वाइनचा आंबटपणा उतरवायलाही वाइनवाले त्याची पूड वापरतात. म्हणजे खडक खरोखरच भरपूर विरघळून पेल्यात उतरला असता, तर शाब्ली धारदार न होता मवाळ झाली असती!

मग पहिल्या पावसाचा वास? तो तर मातीचाच असतो ना, असं तुम्ही म्हणाल. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या दोघांनी १९६४ साली ‘नेचर’मध्ये त्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. त्यांनी दाखवलं की तापलेल्या दगड-मातीनं शोषून ठेवलेली सेंद्रिय तेलं त्यामागे आहेत. दगड त्यांना फक्त धरून ठेवतो. मातकट वासातला मोठा वाटा जिओस्मिन या रसायनाचा, आणि ते तयार करतात मातीतले जिवाणू. ‘ओल्या दगडाचा वास’ येतो हे खरंच, पण तो दगडाचा नसतो.

मग शाब्लीत नक्की काय आहे?

आधी द्राक्ष बघू. शाब्ली फक्त शार्डोने या एकाच द्राक्षाची करतात. शार्डोने कुठून आलं याबद्दल पूर्वी पार लेबनॉनपर्यंतच्या कथा होत्या. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या फ्रेंच-अमेरिकन सहकाऱ्यांनी डीएनए तपासून ‘सायन्स’मध्ये वंशावळ छापली. एक पालक पिनो, बर्गंडीचं खानदानी द्राक्ष. दुसरं निघालं गुए ब्लां, शेतकऱ्यांच्या परसातलं, मुबलक पिकणारं आणि इतकं सामान्य समजलं जाणारं की ते लावू नये म्हणून वेळोवेळी प्रयत्न झाले. मध्ययुगात दोघं शेजारी-शेजारी वाढत होते, परागकण हुंदडत होते, आणि त्या जोडीची किमान सोळा अपत्यं आज ओळखता येतात. नाँतजवळ समुद्रकाठी पिकणाऱ्या म्युस्काडे या दुसऱ्या कुरकुरीत पांढऱ्या वाइनचं द्राक्ष हे शार्डोनेचं सख्खं भावंड. वधू-वर सूचक मंडळात गुएचं स्थळ कुणी बघितलंही नसतं, आणि आज जगभर लावलं जातं ते त्याचं लेकरू.

शार्डोनेचा स्वभाव असा की त्याला स्वतःचा ठसठशीत वास जवळजवळ नाही. मस्कतसारखा गुलाबी दरवळ नाही, सोव्हिन्यॉं ब्लांसारखा हिरव्या मिरचीचा झटका नाही. साध्या भातासारखं म्हणा हवं तर. त्यामुळे ते कुठं वाढलं आणि त्याचं पुढे काय केलं, हेच जास्त कळतं. ऊन भरपूर आणि नवं ओक पिंप मिळालं की तेच द्राक्ष लोणी-व्हॅनिलाची जाडसर वाइन देतं. शाब्लीत बहुतेक जण पोलादी टाक्या वापरतात, आणि पिंप वापरलंच तर शक्यतो जुनं.

आता आम्लं. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन. पहिलं टार्टारिक, आपल्या चिंचेतलं. दुसरं मॅलिक, हिरव्या सफरचंदातलं. गावाकडे राहिला असाल तर मॅलिकची ओळख तुम्हाला दुसरीकडून असेल. हरभऱ्याच्या शेतात पहाटे ओलं फडकं फिरवून आंब गोळा करतात ना, त्या आंबेतलं मुख्य आम्ल हेच. आणि कोवळ्या हरभऱ्याचा डहाळा खाताना बोटांना लागणारी आंबट चरचरही.

द्राक्षाचा मणी कच्चा असताना दोन्ही आम्लांनी ठासून भरलेला असतो. मग मण्यात पाणी उतरतं, साखर चढू लागते, आणि त्याच वेळी मणी मॅलिक आम्ल जाळू लागतो, श्वसनासाठी इंधन म्हणून. टार्टारिक तितक्या सहज जळत नाही. मॅलिक किती वेगानं जळेल हे तापमान ठरवतं. दिवस तापलेले आणि रात्री उकाड्याच्या असतील तर ते भराभर संपतं आणि द्राक्ष गोड पण गुळमुळीत होतं. रात्री थंड असतील तर आम्ल टिकून राहतं. शाब्लीत पूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस, ऑक्टोबरात काढणी होई. शेवटचे आठवडे थंड रात्रींचे. साखर कशीबशी पुरेशी होई आणि आम्ल भरपूर उरे. तयार शाब्लीचा पीएच बहुधा ३.१ ते ३.३ च्या आसपास असतो. ताक साडेचारच्या जवळपास असतं, आणि या मोजमापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, हे लक्षात घ्या. पहिल्या घोटाला तोंडाला जे पाणी सुटतं ते कल्पनेनं सुटत नाही. लाळ आम्लाला विरघळवायला धावून येते.

यात एक उपकथा आहे. मुख्य आंबवण झाल्यावर बहुतेक शाब्लीत जिवाणूंची दुसरी फेरी होऊ देतात. ईनोकोकस ईनी नावाचे जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे हरभऱ्याच्या आंबेचं दही. धार थोडी कमी होते. तरीही शाब्ली कुरकुरीत राहते, यावरून मुळात आम्ल किती असेल याचा अंदाज बांधा. पूर्वी या दुसऱ्या फेरीवाचून वाइन पिणं अवघड गेलं असतं. आज काही जण ती मुद्दाम थांबवतात, कारण मुळातच आम्ल कमी पडू लागलंय. त्याकडे येऊच.

राहिला शिंपल्यांचा वास. तो कल्पनाविलास नाही, जाणकारांच्या नाकाला तो खरंच येतो. शाब्लीच्याच वाइनवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरॅं नदीच्या डाव्या आणि उजव्या तीरांवरच्या वाइन तज्ज्ञांना हुंगायला, चाखायला दिल्या. नुसत्या वासावर डाव्या तीराच्या वाइन जास्त ‘मिनरल’ ठरल्या. रासायनिक तपासणीत त्यांच्यात मिथेनथायॉल जास्त निघालं. हे गंधकाचं संयुग आहे आणि त्याचा वास शिंपल्यांच्या अंगानं जाणारा. उजव्या तीराच्या वाइनमध्ये तांबं जास्त होतं, आणि तांबं अशा गंधकी संयुगांना घट्ट पकडून ठेवतं. दोन्ही तीरांवर तोच किमरिजियन खडक! अशी गंधकी संयुगं मुख्यतः यीस्टच्या चयापचयातून येतात. थोडक्यात, तो वास समुद्रासारखा आहे कारण खऱ्या समुद्रातल्या जीवांच्या वासातही गंधकाची तीच भावंडं आहेत. पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या कालवांचा त्यात हात नाही.

हे घरी करून बघता येतं. अशा गंधकी वासाच्या वाइनचे दोन पेले घ्या. एकात स्वच्छ घासलेली तांब्याची पळी मिनिटभर ढवळा आणि दोन्ही हुंगा. शिंपला, विझलेली काडी यांचा वास पळीवाल्या पेल्यात उतरलेला जाणवेल. तो पेला नंतर ओतून द्या, पिऊ नका. आणि पळी देव्हाऱ्यातली घेतलीत तर घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

म्हणजे खडकाचं काहीच काम नाही का? आहे, पण चव पाठवण्याचं नाही. तो भुसभुशीत खडक पावसाचं जास्तीचं पाणी जाऊ देतो आणि उन्हाळ्यासाठी थोडं धरून ठेवतो. त्याच्यात नदीनं कोरलेला उतार नैर्ऋत्येकडे तोंड करून उभा आहे, आणि सगळ्यात मानाचे सात तुकडे, सगळे मिळून जेमतेम शंभर हेक्टर, त्याच उतारावर आहेत. इतक्या उत्तरेला दुपारचं तिरकं ऊन अंगावर घेणारा उतार म्हणजे लॉटरीच. शिवाय चुनखडीत लोह मिळणं अवघड जातं आणि वेलींची पानं पिवळी पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या अमेरिकेतून आलेल्या किडीनं फ्रान्सच्या मुळांचा फडशा पाडला, तेव्हा उपाय होता अमेरिकी खुंटावर फ्रेंच कलम. पण बहुतेक अमेरिकी खुंट चुनखडीत टिकेनात. शेवटी टेक्सासच्या चुनखडीत वाढणाऱ्या जंगली वेलीच्या संकरातून खुंट तयार झाले. नाशिक-सांगलीच्या बागांत सर्रास दिसणारा डॉगरिज खुंटही मूळचा टेक्सासचाच, त्यामुळे अमेरिकेतल्या वाचकांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

शाब्लीच्या इतिहासात मात्र खडकापेक्षा थंडीनं जास्त वेळा निकाल दिलाय. बाराव्या शतकात जवळच्या पोंतिन्यी मठातल्या सिस्टर्शियन साधूंनी इथे मळे जोपासले. पिंपं गाड्यांवरून योन नदीपर्यंत जात, तिथून होडीनं सेनमार्गे पॅरिसला. राजधानी हाताशी, वाहतूक पाण्यावरून, त्यामुळे चांदी होती. योन जिल्ह्यात एके काळी चाळीस हजार हेक्टरांच्या आसपास द्राक्षं होती. मग रेल्वे आली आणि दक्षिणेची स्वस्त वाइन पॅरिसला पोचू लागली. पाठोपाठ फिलॉक्सेरा, मग महायुद्धं. १९५० च्या दशकात शाब्लीत उरले होते पाचशेच्या आसपास हेक्टर. गंमत म्हणजे त्याच काळात अमेरिकेत कोणत्याही स्वस्त पांढऱ्या वाइनला ‘शाब्ली’ म्हणत, इतकंच काय, गुलाबी ‘शाब्ली’सुद्धा विकली जाई. नाव जगभर, गाव मरणपंथाला!

आणि गावाला मारत होती ती एप्रिल-मेमधली पहाट. वसंतात वेलीचे डोळे फुटतात, लुसलुशीत हिरवे कोंब येतात. निरभ्र, वारा पडलेली रात्र असली की जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, थंड जड हवा उतारावरून घरंगळत नदीकाठी साचते आणि तापमान शून्याच्या खाली जातं. उणे दोनच्या आसपास कोंबातलं पाणी गोठतं, पेशी फुटतात, सकाळी कोंब काळे पडलेले. पीक गेलं. १९५७ आणि १९६१ सालांची नावं शाब्लीत अजून निघतात. तेव्हापासून बागेत तेलाच्या शेगड्या पेटू लागल्या, आता मोठ्या मेणबत्त्या असतात, हेक्टरी काहीशे.

दुसरा उपाय ऐकायला वेडगळ वाटतो. गोठू नये म्हणून कोंबांवर रात्रभर पाणी फवारायचं. पण हिशोब बघा. एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ ज्यूल उष्णता बाहेर टाकतं. तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापेल. फवाऱ्यातलं पाणी कोंबावर पडून गोठत राहतं, उष्णता देत राहतं, आणि बर्फाच्या काचेत बंद झालेला कोंब शून्य अंशावर सुखरूप राहतो. अट एकच. फवारा थांबता कामा नये. मध्येच पंप बंद पडला तर ओल्या बर्फाचं बाष्पीभवन सुरू होतं, ते उलट उष्णता ओढून घेतं, आणि कोंब उघड्यावर असता त्याहून वाईट मरतो. म्हणून शाब्लीतले लोक त्या रात्री पंपाजवळ जागतात. निफाडच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवून, वेलींना पाणी सोडून जागणारा द्राक्षबागायतदार त्यांना बघून काही विचारणार नाही. फरक इतकाच की निफाडला तेव्हा वेलीवर घड असतात आणि काळजी मणी तडकण्याची असते.

आता तुम्हाला वाटेल, पृथ्वी तापतेय म्हणजे शाब्लीचं तरी भलं होईल. इथेच पेच आहे.

बर्गंडीतच, दक्षिणेकडच्या बोन या गावी द्राक्षकाढणीच्या तारखांची १३५४ पासूनची नोंद इतिहासकारांनी जुळवलीय. सहाशेहून जास्त वर्षं काढणी सरासरी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होई. १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस अलीकडे आली. शाब्लीतही २००३ आणि २०२० मध्ये कात्री ऑगस्टमध्येच चालली. काढणी लवकर म्हणजे शेवटचे आठवडे थंड शरदाऐवजी तापलेल्या उन्हाळ्यात, म्हणजे मॅलिक आम्ल जळून जाणार. आणि तरी फ्रॉस्ट संपलेलं नाही, कारण हिवाळा ऊबदार झाल्यानं डोळेही लवकर फुटतात. २०२१ च्या मार्चअखेर फ्रान्समध्ये विक्रमी उष्ण दिवस आले, कोंब बाहेर पडले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ध्रुवीय हवा उतरली. शाब्लीच्या अनेक मळ्यांत बहुतेक पीक गेलं. नंतर हवामानशास्त्रज्ञांनी गणित मांडलं. तशी थंड रात्र तापमानवाढीमुळे खरं तर दुर्मीळ होत चाललीय, पण कोंब त्याहून वेगानं लवकर येतायत. दोन्ही मिळून, फुटलेल्या कोंबांवर असं फ्रॉस्ट पडण्याची शक्यता सुमारे साठ टक्क्यांनी वाढलीय.

म्हणजे जी थंडी हवी ती ऑगस्ट-सप्टेंबरमधून निघून चाललीय आणि जी नको ती एप्रिलमध्ये ठाण मांडून आहे. लेबलवर मात्र अजून कालवं. कदाचित म्हणूनच. पंधरा कोटी वर्षं टिकलेला खडक पुढच्या वर्षीही तिथेच असेल, ही खात्री विकता येते. थंड रात्रींची खात्री आता कोण देणार?

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळा. एकाच उत्पादकाची, एकाच मळ्याची शाब्ली दोन सालांची मिळवा. एक २०२१ ची, म्हणजे फ्रॉस्टमधून वाचलेल्या थोड्या घडांची आणि थंड, ओल्या उन्हाळ्याची. दुसरी २०२२ ची, कोरड्या आणि तापलेल्या वर्षाची. २०२१ ची जरा शोधावी लागेल, पीकच कमी होतं. दोन्ही सारख्या थंड करा, पण फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, फार गार वाइनला वास येत नाही. सोबत तळलेल्या तिसऱ्या किंवा नुसतं मीठ-हळद लावलेलं पापलेट ठेवा, आणि तिखट मसाला त्या संध्याकाळपुरता बाजूला. कुठला पेला कुठला हे दुसऱ्या कुणाला तरी ओतायला सांगा. मग दोन्हीच्या घोटानंतर तोंडाला किती वेळ पाणी सुटत राहतं ते मोजा. खडक दोन्हींत तोच आहे.